कान्हेरीची पोढी ते बळीराजा धरण : पाणी राखणाऱ्यांचा इतिहास



आपल्या विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत महाडच्या चवदार तळ्याचा उल्लेख नाही असं सहसा होत नाही, आणि होऊही नये. १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केलं. पण ते कागदावर. कागदावरचं पाणी कुणाच्या ओंजळीत येत नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब स्वतः तळ्याच्या पायऱ्या उतरले, पाणी प्याले आणि मागून हजारो माणसं प्याली, तेव्हा ते खरं झालं. त्यानंतरही कोर्टकचेरी चालू राहिली आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टाने निकाल दिला, तो आपल्या बाजूने.

हा इतिहास आपल्या लेकरांना पाठ आहे. आज आम्ही त्याच्या पुढचा एक प्रश्न मांडणार आहोत. महाडचा प्रश्न होता, तळ्यातलं पाणी कुणी घ्यायचं? पुढचा प्रश्न असा की तळ्यात पाणी येतं कुठून, ते येत राहावं म्हणून डोंगर, झाडं, ओढे कोण राखतं आणि जो राखतो त्याला त्या पाण्यात वाटा मिळतो की नाही? आमचं म्हणणं असं आहे की हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. पाण्यात वाटा नसेल तर डोंगर राखला जात नाही, आणि डोंगर राखला नाही तर वाटून घ्यायला पाणीच उरत नाही. याचे पुरावे इतिहासात आहेत, ते एकेक करून पाहू.

१. डोंगर पाणी कसं धरतो

आपल्यापैकी बहुतेकांची गावं कोकणात, नाही तर घाटावर, पुणे-सातारा-सांगली-नगरकडे. दोन्हीकडचा डोंगर एकाच जातीचा, काळ्या कातळाचा. कातळ पाणी पीत नाही. पाणी मुरतं ते कातळावरच्या मातीत, मुरमात आणि कातळाच्या भेगांत. डोंगरावर झाडं, झुडपं, गवत असेल तर पावसाचा थेंब आधी पानावर पडतो, मग पालापाचोळ्यावर, मग हळूच जमिनीत उतरतो. मुळांनी माती सैल आणि धरून ठेवलेली असते. असं मुरलेलं पाणी महिनोन् महिने आतल्या आत सरकत खाली येतं आणि पायथ्याच्या विहिरीला, झऱ्याला लागतं. म्हातारी माणसं म्हणायची, 'विहिरीला पाझर आहे.' तो पाझर म्हणजे वरच्या रानाची बचत.

झाडं तोडली, गवत मुळापासून खरवडलं गेलं की थेंब थेट मातीवर आपटतो. पाणी पळत सुटतं आणि जाताना माती घेऊन जातं. जून-जुलैत ओढ्याला पूर आणि फेब्रुवारीत विहीर कोरडी, असं एकाच गावात दिसतं. पाऊस तेवढाच असतो, पण तो गावात थांबत नाही.

पायवाटेचाही यात मोठा भाग आहे. डोंगरावरून सरळ खाली उतरणारी वाट माणसांच्या आणि जनावरांच्या पायांनी घट्ट आणि खोलगट होते. पावसाचं पाणी तीच वाट धरतं. दोन-चार पावसाळ्यांत वाटेची घळ होते, घळीचा नाला होतो. म्हणून जाणती माणसं डोंगरात वाट आडवी, वळण घेत काढतात, अवघड जागी दगडाची पायरी बसवतात आणि ठिकठिकाणी तिरका दगड रोवून पाणी बाजूच्या गवतात काढून देतात. वाट नीट राखली तर डोंगरही राखला जातो. घागर घेऊन त्याच वाटेने चढ-उतार करणाऱ्या आयाबहिणींच्या पायांनाही आराम मिळतो.

२. कान्हेरी : दानातून झालेली पाणी-व्यवस्था

आता हे ज्ञान किती जुनं आहे ते पाहा. आपल्या विहाराची सहल कान्हेरीला जाते. मुलं चैत्य पाहतात, मोठ्या बुद्धमूर्तींपुढे फोटो काढतात, डबे खातात आणि परत येतात. पण लेण्यांच्या तोंडाशी, अंगणाच्या बाजूला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं असतं, तिकडे फार थोड्यांचं लक्ष जातं.

कान्हेरीला शंभरावर लेणी आहेत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या सुमाराला सुरुवात झाली आणि पुढे हजारभर वर्षं तिथे वस्ती होती. भिक्खूसंघ पावसाळ्यात वर्षावासाला राहायचा, पण पावसाळ्यानंतरचे आठ महिने प्यायला पाणी कुठून आणायचं? उघड्या कातळाच्या डोंगरावर विहीर लागत नाही. म्हणून त्यांनी कातळावरून वाहणारं पावसाचं पाणी पन्हळी कोरून वळवलं आणि टाक्यात साठवलं. लेण्याच्या माथ्यावर, दर्शनी भागावर या पन्हळी आजही दिसतात. दोन डोंगरांमधल्या ओढ्यावर बांध घातल्याच्या खुणाही तिथे आहेत. एका लेण्यातून दुसऱ्या लेण्याकडे जाणाऱ्या पायऱ्या कातळात कोरल्या आहेत, म्हणजे चालणाऱ्यांच्या पायांनी माती सुटायची नाही आणि पावसात पाय घसरायचा नाही. पाणी, वाट आणि वस्ती यांचा असा एकत्र विचार त्यांनी केला होता.

तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत टाक्याला 'पोढी' हा शब्द आहे. आणि ती दिली कुणी? राजे-महाराजे थोडे, साधी माणसं जास्त. कल्याण, सोपारा, चेऊल इथले व्यापारी, गृहस्थ, भिक्खू आणि भिक्खुणी. कल्याणच्या एका सोनाराने संघाला पोढी दान केल्याचा लेख आहे. तिकडे जुन्नरजवळ नाणेघाटात, घाट चढून दमलेल्या वाटसरूंसाठी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलेल्या पोढीचा लेख आहे. घाटवाटेवर पाणी देणं हे त्या काळी मोठं दान होतं. यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, पाण्याची सोय हे सगळ्यांनी मिळून करायचं काम होतं. दुसरी, ते पाणी दान दिल्यावर देणाऱ्याचं राहिलं नाही, ते संघाचं झालं.

३. विहार-तुळशी आणि गिरणगाव

कान्हेरीच्या त्याच डोंगराच्या कुशीत आज दोन तलाव आहेत, तुळशी आणि विहार. ते तिथे का आले, याचा संबंध आपल्या गिरणगावाशी आहे.

मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापन केली आणि १८५६ साली ती चालू झाली. त्याच १८५६ साली विहार तलावाचं काम हाती घेतलं गेलं आणि १८६० साली ते पूर्ण झालं. तोवर मुंबईची तहान विहिरी आणि गावतळी भागवत होती. लोकसंख्या वाढली तशी ती अपुरी पडली, घाण झाली, रोगराई आली. पुढे गिरण्या वाढल्या, बॉयलरला पाणी, रंगखात्याला पाणी आणि दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्या कामगारांना पाणी लागू लागलं. १८७९ साली तुळशी, १८९२ साली तानसा, १९५७ साली मोडकसागर, १९७३ साली अप्पर वैतरणा, नंतर भातसा आणि २०१४ साली मध्य वैतरणा, अशी नळाची मुळं लांब लांब गेली.

विहार तलावाच्या पाणलोटात गावं होती, शेती होती. शहराचं पाणी स्वच्छ राहावं म्हणून ती उठवण्यात आली. माणूस उठला, कुऱ्हाड थांबली आणि डोंगर पुन्हा हिरवा झाला. आज संजय गांधी राष्ट्रीय उद्यान म्हणून जे शंभर चौरस किलोमीटरहून थोडं जास्त रान शहराच्या मधोमध उभं आहे, ते टिकण्यामागे या तलावांचा मोठा हात आहे. एरवी त्या जमिनीचे भाव पाहता बिल्डरने तिथे एक झाड ठेवलं नसतं.

पण या हिशोबाची दुसरी बाजू कोण लिहिणार? आज मुंबईच्या सात तलावांत मिळून सुमारे १४ लाख ४७ हजार दशलक्ष लिटर पाणी मावतं. त्यात विहार आणि तुळशी मिळून जेमतेम अडीच टक्के. निम्म्याच्या आसपास एकट्या भातसाचं. भातसा आणि तानसा ही दोन्ही धरणं ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात. आणि त्याच तालुक्यातले पाडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, तिथल्या बाया खड्ड्यात उतरून वाटीवाटीने पाणी भरतात. पाईपलाईन डोळ्यांसमोरून जाते आणि घागर रिकामी. खुद्द राष्ट्रीय उद्यानातही पिढ्यान्‌पिढ्या राहणारे वारली, कोकणा, मल्हार कोळी पाडे आहेत. १९९७ साली हायकोर्टाने अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, त्यानंतर उद्यानाच्या हद्दीतल्या हजारो झोपड्या पडल्या. रान राहायला हवं, यात शंका नाही. ते आम्हीही म्हणतो. पण रान राखण्याची किंमत प्रत्येक वेळी सर्वांत गरीब माणसानेच का मोजायची, हा प्रश्न विचारायला हवा. चाळीतल्या नळाखाली पहाटे हंडा लावणारा आपला माणूस आणि शहापूरची ती बाई यांची तहान एकच आहे.

४. बाबासाहेब आणि नदीचं खोरं

या ठिकाणी एक गोष्ट सांगणं आवश्यक आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. पाटबंधारे आणि वीज यांचं धोरण त्या खात्याकडे होतं. दामोदर आणि महानदी या नद्यांच्या योजनांचा पाया त्यांच्या काळात घातला गेला. १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. बाबासाहेबांचा आग्रह होता की नदीचे तुकडे करून प्रांताप्रांतात वाटू नका, संपूर्ण खोरं एक धरून विचार करा. पूर, दुष्काळ, शेती, वीज या सगळ्यांचा मेळ घाला. पाणी हे संकट नसून संपत्ती आहे आणि ती समुद्रात वाया जाऊ द्यायची नाही, अशी त्यांची भूमिका होती.

खोरं मोठ्या नदीचं असतं तसं गावच्या ओढ्याचंही असतं. ज्या डोंगरकड्यावरून पाणी दोन बाजूंना वाटलं जातं, तिथपासून ओढ्याच्या तोंडापर्यंतचा मुलूख म्हणजे त्या ओढ्याचा पाणलोट. बाबासाहेबांनी दामोदरला लावलेला विचार गावच्या ओढ्याला लावला, की आजची पाणलोट विकासाची चळवळ समजते.

५. बहात्तरचा दुष्काळ आणि नायगावचा धडा

१९७२ चा दुष्काळ जुन्या माणसांच्या तोंडून आपण सगळ्यांनी ऐकला आहे. सुकडी, लाल मिलो ज्वारी, खडी केंद्र. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर होती. त्यात आपली भूमिहीन माणसं पुढे होती, बायामाणसं मूल पाठीशी बांधून खडी फोडत होती. त्या घामातून रोजगार हमीचा कायदा उभा राहिला, तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. पुढे २००५ साली सबंध देशासाठी तसा कायदा झाला, त्याचं मूळ इथे आहे. हे लेकरांना सांगा. कायदे आकाशातून पडत नाहीत.

परंतु त्या वेळी विचार करणाऱ्या काही लोकांनी विचारलं की इतके हात खडी फोडतात, त्या खडीचे रस्ते होतात, पण पुढच्या दुष्काळाला तोंड देईल असं काय तयार होतं? पुण्याचे अभियंता-उद्योजक विलासराव साळुंखे हे त्यांपैकी एक. पुरंदर तालुक्यात त्यांनी हे पाहिलं आणि १९७४ साली नायगाव इथे देवस्थानची सुमारे ४० एकर उजाड माळरानाची जमीन भाडेपट्ट्याने घेतली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम केलं. उतारावर समतल बांध घातले, माती अडवली, झाडं-गवत लावलं, खालच्या बाजूला पाझर तलाव केला, त्याच्या खाली विहीर घेतली. वरून पळणारं पाणी माळात थांबलं, तलावात मुरलं आणि विहिरीला आलं. पाच-सात वर्षांत त्या माळावर धान्य पिकू लागलं.

यात अभियंत्याची हुशारी होती, परंतु आम्हाला महत्त्वाचं वाटतं ते त्यानंतर झालेलं पाणी पंचायतीचं काम. पाणी अडवलं, आता ते कुणाचं? एरवीचा नियम सरळ होता. ज्याची जमीन जास्त त्याला पाणी जास्त, आणि ज्याला जमीनच नाही त्याने बांधावर उभं राहून पाहत बसायचं. पाणी पंचायतीने तो नियम मोडला. पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजायचं. घरातल्या प्रत्येक माणसामागे अर्ध्या एकराचं पाणी, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला नाही, जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर विकलं जात नाही. ऊस लावायचा नाही, कारण एकाच्या उसात दहा जणांची ज्वारी बुडते. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. तो दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने पीक करताना आपलं पाणी घेऊन जाऊ शकतो.

जमिनीच्या सातबाऱ्यावर आपलं नाव नाही, म्हणून पाण्यावरही नाही, हे शेकडो वर्षांचं गणित. महाडला आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क घेतला. नायगावच्या माळावर पाण्यात वाटा मिळण्याचा हक्क नियम म्हणून लिहिला गेला. विलासराव २००२ साली गेले. सगळीकडे तो नियम टिकला असं नाही, परंतु तो चालवून दाखवला गेला, हे कुणी पुसू शकत नाही.

६. सुखना तलाव आणि सुखोमाजरी

आता जरा महाराष्ट्राबाहेर जाऊ, कारण ही गोष्ट मुंबईसारखीच एका शहराच्या तलावाची आहे. चंदीगड शहरासाठी १९५८ साली सुखना तलाव बांधला. पंधरा-वीस वर्षांतच त्याचा मोठा भाग गाळाने भरला. गाळ काढण्यावर पैसा गेला, तरी गाळ येतच राहिला. पी. आर. मिश्रा नावाचे मृदसंधारणाचे शास्त्रज्ञ हा गाळ कुठून येतो ते शोधत ओढ्याओढ्याने वर गेले. तिथे शिवालिकच्या डोंगरात सुखोमाजरी नावाचं छोटं गाव होतं. डोंगर उघडा, शेळ्या-जनावरं मोकाट, शेती पावसावर, माणसं गरीब.

सुरुवातीला नेहमीचा उपाय झाला, घळी बुजवा, झाडं लावा, जनावरं आणू नका म्हणून सांगा. पण ज्याचं पोट शेळीवर आहे तो शहराचा तलाव वाचावा म्हणून शेळी का सोडेल? मग १९७६ च्या सुमाराला गावाच्या वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध घालून पावसाचं पाणी साठवलं. ते पाणी गावाच्या शेताला मिळालं, तेव्हा माणसं ऐकू लागली. तरी ज्यांची शेतं खाली होती त्यांचाच फायदा होत होता, बाकीच्यांनी डोंगर का राखायचा? त्यावर तोडगा निघाला तो असा की पाण्यात प्रत्येक घराला सारखा वाटा, जमीन असो वा नसो. भूमिहीन घराने आपला वाटा दुसऱ्याला द्यावा आणि त्याचा मोबदला घ्यावा.

त्या दिवसापासून डोंगर सर्वांचा झाला. कुंपण न घालता, पहारेकरी न ठेवता लोकांनी मोकाट चराई बंद केली. शेळ्या कमी झाल्या, गोठ्यात बांधलेल्या म्हशी वाढल्या. डोंगरावर गवत आणि झाडं परत आली, गवत कापून नेण्याचा हक्क गावाच्या संस्थेला मिळाला आणि खाली शहराच्या तलावात जाणारा गाळही पुष्कळ घटला. पुढे वाटपाची पद्धत बदलत गेली. पण डोंगर उठला तो समान वाट्यामुळे. जे काम सरकारी दंडुक्याने झालं नाही, ते वाटणीने झालं.

७. संपकरी कामगार आणि बळीराजा धरण

आता आपल्या घरचा इतिहास. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. संप लांबला, खानावळीचं देणं थकलं, खोल्या रिकाम्या झाल्या आणि हजारो कामगार गावाकडे गेले. संपाच्या इतिहासात बहुतेक लेखक एवढंच लिहितात की कामगार हरला. गावी जाऊन त्याने काय केलं, हे थोड्यांनी लिहिलं.

सांगली जिल्ह्याचा खानापूर तालुका कायम दुष्काळी. तिथे परतलेल्या संपकरी कामगारांनी गावकऱ्यांना एकत्र करायला सुरुवात केली. मुंबईत युनियन चालवायची कशी, सभा घ्यायची कशी, मोर्चा काढायचा कसा, हे त्यांना ठाऊक होतं. डॉ. भारत पाटणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर त्यातून मुक्ती संघर्ष चळवळ उभी राहिली. रोजगार हमीच्या कामाची मागणी झाली, पण लोक तिथेच थांबले नाहीत. दुष्काळ का पडतो याचा त्यांनी अभ्यास केला. पाऊस किती, विहिरी किती खोल गेल्या, झाडं किती उरली, ऊस किती पाणी पितो, हे गावकऱ्यांनी आणि शिकलेल्या तरुणांनी मिळून शोधलं.

त्यात येरळा नदीची वाळू आली. नदीतली वाळू म्हणजे पाणी धरणारा स्पंज. ठेकेदार ती ट्रक भरभरून नेत होते, नदीचं पात्र कोरडं पडत होतं आणि काठच्या विहिरी आटत होत्या. लोकांनी ठेकेदारांना विरोध केला. आणि मग बलवडी आणि तांदुळवाडी या दोन गावांच्या लोकांनी ठरवलं की थोडी वाळू आपणच विकू आणि त्या पैशातून आपलं धरण बांधू. सरकारकडे खेटे घातले, परवानगीसाठी लढा दिला, श्रमदान केलं. जाणत्या अभियंत्यांनी मदत केली. १९८० च्या दशकाच्या अखेरीला येरळेवर बळीराजा स्मृती धरण उभं राहिलं. वाटपाचं तत्त्व एकच होतं, प्रत्येक घराला पाण्याचा समान हक्क, भूमिहीनालाही आणि बाईलाही. काही पाणी झाडांना द्यायचं, म्हणजे जळण, चारा आणि जमिनीला पालापाचोळा मिळेल, हाही विचार त्यात होता.

या चळवळीतून पुढे दक्षिण महाराष्ट्रात समन्यायी पाणीवाटपाची मागणी पसरली. गिरणीत साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाने गावात जाऊन धरण उभं केलं, हा आपला इतिहास आहे. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, भोंगा थांबला. पण त्या माणसाने मुंबईत शिकलेली एकजूट वाया गेली नाही.

८. आज काय करायचं

गेल्या तीस-पस्तीस वर्षांत पाणलोटाची कामं पुष्कळ झाली. नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने १९८९ नंतर कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, श्रमदान करून डोंगर राखला, बोअरवेलवर बंधन घातलं आणि गावात दरवर्षी पाण्याचा हिशोब मांडला. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाला वनहक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि ते गाव आपलं जंगल स्वतः सांभाळतं. दुसऱ्या बाजूला अनेक गावांत नुसता नाला मशीनने खोल करायचा आणि फोटो काढायचा, असंही झालं. माथ्यावर झाड नाही, चर नाही, तर खालच्या खड्ड्यात पहिल्याच पावसात माती येऊन बसते.

आणखी एक धोका आहे. चराईबंदी झाली की पहिला फटका शेळीवाल्याला, म्हणजे आपल्याच माणसाला. कुऱ्हाडबंदी झाली की मोळी विकणाऱ्या बाईला. त्यांना गवताचा, जळणाचा, मजुरीचा आणि शेवटी पाण्याचा वाटा आधी ठरवून दिला नाही, तर ती बंदी म्हणजे जुनाच गावगाडा नव्या कपड्यात.

म्हणून आम्ही या निमित्ताने आपल्या कुटुंबांना तीन कामं सुचवतो.

पहिलं, गणपती-शिमग्याला, यात्रा-जत्रेला, लग्नाला आपण गावी जातो. त्या वेळी नुसतं घर झाडून परत येऊ नका. ग्रामसभा कधी आहे ते विचारा. गावच्या ओढ्याच्या पाणलोटात कोणती कामं मंजूर आहेत, त्याची यादी मागा. काम माथ्यापासून सुरू झालं की पायथ्यापासून, हे पाहा. आपल्या वस्तीच्या विहिरीचा पाझर ज्या डोंगरावरून येतो तो डोंगर त्या कामात आहे का, ते विचारा.

दुसरं, पाणी अडलं की वाटपाचा नियम लेखी करून घ्या. काम झाल्यावर भांडण करण्यापेक्षा काम सुरू होण्याआधी ठराव करा. भूमिहीन घराचं नाव आणि घरातल्या बाईचं नाव त्यात असायला हवं. नायगाव, सुखोमाजरी, बलवडी यांची उदाहरणं सभेत सांगा. 'हे कधी झालंय का?' असं कुणी विचारलं तर झालेलं आहे, असं ठणकावून सांगा.

तिसरं, मुलांना कान्हेरीला न्याल तेव्हा पोढी दाखवा. पन्हळीवर बोट ठेवून पाणी कुठून कुठे जातं ते समजावून सांगा. कोरलेल्या पायऱ्यांनीच चाला, आडवाटेने माती उकरत चढू नका. प्लॅस्टिकची पिशवी, बाटली परत आणा. तिथून दिसणाऱ्या रानात पडणारा पाऊस विहार आणि तुळशीत साठतो आणि नळाने शहरात येतो, हे त्यांना कळू द्या. आणि तानसा-भातसाच्या काठच्या पाड्यांनाही त्या पाण्यात हक्क आहे, हेही त्यांना शिकवा. उद्या त्या पाड्यांची माणसं पाण्यासाठी मोर्चा घेऊन मुंबईत आली, तर त्यांना पहिलं पाणी आपल्या विहाराच्या दारात मिळालं पाहिजे.

महाडच्या तळ्यावर आपण गेलो ते केवळ घोटभर पाण्यासाठी गेलो नव्हतो. माणूस म्हणून समान हक्कासाठी गेलो होतो. तो हक्क आता तळ्यापासून वर, ओढ्याने, पायवाटेने, डोंगराच्या माथ्यापर्यंत न्यायचा आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!